घटक ५ : स्थलनामांतील वंशवादी वारसा आणि कलेचा हस्तक्षेप

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला –
• स्मारकनाम म्हणजे काय ते सांगता येईल.
• स्थलनामातील निर्देश व गौरव या दोन कार्यांमधील फरक स्पष्ट करता येईल.
• बर्लिन, न्यूयॉर्क व टोरांटो येथील कलात्मक हस्तक्षेपांचे भाषिक स्वरूप विशद करता येईल.
• नामांतराच्या बाजूने आणि विरोधात केल्या जाणाऱ्या युक्तिवादांचे परीक्षण करता येईल.
• आपल्या परिसरातील स्थलनामांचा चिकित्सक अभ्यास करता येईल.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण स्थलनामांचे नैसर्गिक, व्यावसायिक, दैवतवाचक व व्यक्तिवाचक असे प्रकार पाहिले. नावांची व्युत्पत्ती कशी शोधावी, याचाही विचार केला. या घटकात त्यांपैकी एकाच प्रकाराकडे, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या, समूहाच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ दिलेल्या नावांकडे, आपण वेगळ्या दृष्टीने पाहणार आहोत.

युरोप व अमेरिका खंडांतील अनेक शहरांमध्ये गुलामांचा व्यापार करणाऱ्यांची, वसाहती स्थापन करणाऱ्यांची नावे रस्त्यांना व चौकांना आजही आहेत. ती नावे बदलावीत की नाहीत, हा वाद न्यायालये आणि नगरपरिषदा यांच्यापुरता मर्यादित राहिलेला नाही. कलावंतांनी त्या नावांच्या पाट्यांनाच आपले माध्यम केले आहे. येथे कॅनव्हास किंवा संगमरवर नाही. अक्षरे, स्वरचिन्हे, वाचनाची दिशा आणि भाषेची निवड हीच कलेची सामग्री आहे. म्हणूनच हा विषय कलासमीक्षेइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ स्मारकनाम : निर्देश आणि गौरव

कोणतेही स्थलनाम प्रथम निर्देशाचे काम करते. 'अमुक रस्त्यावर या' असे आपण म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला जागा कळणे एवढेच आपल्याला अभिप्रेत असते. स्मारकनाम मात्र याबरोबर दुसरे कामही करते. ते एखाद्याचा गौरव करते. नाव देणाऱ्या सत्तेने कोणाला स्मरणीय मानले, हे त्या नावात नोंदलेले असते.

या दोन कार्यांचे आयुष्य सारखे नसते. निर्देश रोज वापरला जातो. गौरव मात्र सवयीने झाकला जातो. पत्ता लिहिताना, रिक्षा किंवा टॅक्सी सांगताना, टपालपेटीवर नाव रंगवताना आपण तो गौरव नकळत पुन्हापुन्हा उच्चारत असतो. पुतळ्यापुढे मान झुकवायची की नाही, हे आपण ठरवू शकतो. रस्त्याचे नाव उच्चारायचे की नाही, हे ठरवण्याची मुभा रहिवाशाला नसते. स्मारकनामाची खरी शक्ती या सक्तीच्या पुनरुक्तीत आहे. ज्या समूहाचा त्या नावाने अवमान होतो, त्या समूहातील व्यक्तीलाही स्वतःचा पत्ता सांगताना तो अवमान स्वतःच्याच तोंडाने उच्चारावा लागतो.

कलावंत हस्तक्षेप करतो तो नेमका येथे. झाकला गेलेला अर्थ तो पुन्हा ऐकू येईल असा करतो. हे काम तीन शहरांत तीन वेगवेगळ्या भाषिक पातळ्यांवर कसे झाले, ते आता क्रमाने पाहू.

५.३.२ बर्लिन : दोन ठिपके

बर्लिनच्या मध्यभागातील एका रस्त्याला अठराव्या शतकाच्या आरंभापासून 'मोरेनश्ट्रासे' असे नाव होते. 'श्ट्रासे' म्हणजे रस्ता. 'मोर' हा कृष्णवर्णीय माणसासाठीचा जुना जर्मन शब्द होय. मराठीतील पक्षिवाचक शब्दाशी त्याचा संबंध नाही. त्याचे मूळ लॅटिन 'माउरुस' म्हणजे वायव्य आफ्रिकेतील मॉरेतानिया प्रदेशाचा रहिवासी, या शब्दात आहे. या रस्त्याला हे नाव नेमके का पडले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ज्या काळात ते पडले तो काळ मात्र स्पष्ट आहे. ब्रांडेनबुर्गच्या राज्यकर्त्यांनी १६८२ मध्ये आफ्रिकेशी व्यापार करणारी कंपनी स्थापन केली आणि १६८३ मध्ये आजच्या घानाच्या किनाऱ्यावर किल्ला उभारण्यास प्रारंभ केला. त्या किल्ल्यातून सोने, हस्तिदंत आणि माणसे यांचा व्यापार चालत असे.

या रस्त्याच्या पाट्यांवर काही वर्षांपासून एक छोटासा बदल वारंवार दिसू लागला. नावातील 'ओ' या स्वराच्या डोक्यावर कोणीतरी दोन ठिपके देत असे. जर्मन लिपीत या दोन ठिपक्यांनी स्वर बदलतो. 'मोरेन'चे साधारण 'म्योरेन' होते, आणि 'म्योरेन' म्हणजे गाजरे. अवमानकारक नावाचा रस्ता क्षणात 'गाजर रस्ता' होतो.

मराठी वाचकाला ही युक्ती समजायला अवघड नाही. 'चिता' आणि 'चिंता' यांत फरक केवळ एका अनुस्वाराचा आहे, हे आपण शाळेतच शिकलो. बर्लिनमधील या निनावी कृतीची कल्पकता अशी की, तिने पाटीवरचे एकही अक्षर खोडले नाही. जुने नाव ठिपक्यांखाली जसेच्या तसे वाचता येत राहिले. वाटसरूला आधी हसू येई, मग 'आधी काय लिहिले होते?' असा प्रश्न पडे, आणि ज्या नावाकडे तो कित्येक वर्षे न पाहता चालत होता ते त्याला प्रथमच वाचावे लागे.

अर्थात उपहासाची मर्यादाही येथे दिसते. गाजर हे कोणाचेही स्मरण नव्हे. जुन्या गौरवाची टर उडवता येते, पण त्याच्या जागी कोणाला आठवायचे, याचे उत्तर उपहास देत नाही. ते उत्तर कृष्णवर्णीय जर्मन नागरिकांच्या संघटनांनी दिले. दरवर्षी २३ ऑगस्टला, म्हणजे गुलामांच्या व्यापाराच्या स्मरणासाठी युनेस्कोने ठरवलेल्या दिवशी, त्या रस्त्यावर नामांतराचा उत्सव भरवला जाऊ लागला आणि आंटोन विल्हेल्म आमो हे नाव सातत्याने मांडले गेले.

आमो यांचे चरित्र या संदर्भात फार अर्थपूर्ण आहे. त्यांचा जन्म आजच्या घानातील आक्सिम परिसरात, सुमारे १७०३ मध्ये झाला. लहानपणीच त्यांना युरोपात आणून एका जर्मन ड्यूकच्या दरबारी 'भेट' म्हणून देण्यात आले. 'आंटोन' आणि 'विल्हेल्म' ही नावे त्या राजघराण्यातील होत. 'आमो' हे तेवढे त्यांचे स्वतःचे. पुढे ते हाले येथे कायदा शिकले. १७२९ मध्ये त्यांनी तेथे युरोपातील 'माउरुस' लोकांच्या हक्कांवर लॅटिनमध्ये प्रबंध मांडला. तो आज उपलब्ध नाही. १७३४ मध्ये विटेनबर्ग येथे त्यांचा तत्त्वज्ञानविषयक प्रबंध प्रसिद्ध झाला. नंतर त्यांनी हाले आणि येना येथे अध्यापन केले, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते आफ्रिकेस परतले.

येथे भाषेच्या दृष्टीने दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, 'मोर' आणि 'माउरुस' यांचे मूळ एकच आहे. ज्या शब्दाने इतर लोक आमो यांना ओळखत, तोच शब्द घेऊन त्यांनी त्या लोकांच्या हक्कांचा प्रश्न विद्यापीठात मांडला. दोन, आपल्या ग्रंथावर त्यांनी नावापुढे 'गिनीचा आफ्रिकी' अशा अर्थाचे लॅटिन विशेषण लावले. दुसऱ्यांनी दिलेली ओळख त्वचेच्या रंगाची होती. त्यांनी स्वतः घेतलेली ओळख भूमीची होती.

बर्लिन-मिटे जिल्ह्याच्या सभेने ऑगस्ट २०२० मध्ये नामांतराचा ठराव केला. त्यावर हरकती व दावे दाखल झाले. न्यायालयीन प्रक्रियेनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये रस्त्याला 'आंटोन-विल्हेल्म-आमो-श्ट्रासे' हे नाव मिळाले.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) एका वाक्यात उत्तर लिहा : बर्लिनच्या पाटीवरील दोन ठिपक्यांमुळे शब्दाचा अर्थ काय झाला?
(आ) योग्य की अयोग्य ते सांगा : दोन ठिपके देणाऱ्यांनी जुने नाव खोडून टाकले.

५.३.३ चिन्हक तेच, चिन्हित वेगळे

बर्लिनच्याच 'आफ्रिकी वस्ती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागातील दोन नावे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने अवश्य अभ्यासावीत.

पहिले नाव 'पेटर्स-आले', म्हणजे पेटर्स मार्ग. पूर्व आफ्रिकेत जर्मन वसाहतीचा पाया घालणाऱ्या कार्ल पेटर्सचा गौरव करण्यासाठी नाझी राजवटीत, १९३९ मध्ये, हे नाव देण्यात आले. आफ्रिकी लोकांवर केलेल्या क्रौर्याबद्दल याच पेटर्सला १८९७ मध्ये जर्मन शासनानेच सेवेतून बडतर्फ केले होते. १९८६ मध्ये प्रशासनाने एक सोयीची वाट शोधली. पाटीवरचे नाव तसेच ठेवून, यापुढे हा रस्ता नाझीविरोधी विधिज्ञ हान्स पेटर्स यांच्या स्मरणार्थ आहे, असे जाहीर केले. सोस्यूरच्या परिभाषेत सांगायचे तर चिन्हक कायम ठेवून चिन्हित तेवढे बदलले. पण चिन्हाचा अर्थ समाजाच्या रूढीने ठरतो. तो कार्यालयीन टिपणाने बदलत नाही. वादही मिटला नाही. अखेर २०२४ मध्ये त्या रस्त्याचे दोन भाग करून एकाला 'माजी-माजी' उठावाचे आणि दुसऱ्याला नामिबियातील स्वातंत्र्यसंग्रामात बळी पडलेल्या आना मुंगुंडा यांचे नाव देण्यात आले. 'माजी' हा स्वाहिली शब्द असून त्याचा अर्थ 'पाणी' असा आहे. १९०५ ते १९०७ या काळात आजच्या टांझानियात जर्मन सत्तेविरुद्ध झालेला तो उठाव होता.

दुसरे नाव 'ल्युडेरित्स-श्ट्रासे'. आडोल्फ ल्युडेरित्स या व्यापाऱ्याच्या वतीने १८८३ मध्ये आजच्या नामिबियाच्या किनाऱ्यावर नामा लोकांच्या प्रमुखाशी जमिनीचा करार झाला. करारात किनाऱ्यापासूनचे अंतर मैलांत लिहिले होते. नामा लोकांना परिचित होता तो इंग्रजी मैल, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. ल्युडेरित्सने लावला तो भौगोलिक मैल, म्हणजे सुमारे ७.४ किलोमीटर. एका शब्दाच्या दोन अर्थांमधील अंतराने एका समाजाची भूमी गेली. शब्दार्थाचा प्रश्न हा केवळ कोशाचा प्रश्न नसतो, याचे यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. २०२२ मध्ये या रस्त्याला कोर्नेलियुस फ्रेडरिक्स या नामा नेत्याचे नाव देण्यात आले. त्यांचा मृत्यू १९०७ मध्ये जर्मनांच्या शार्क बेटावरील छावणीत झाला होता. विशेष म्हणजे नामिबियातील त्या किनाऱ्यावरचे गाव अद्याप 'ल्युडेरित्स' याच नावाने ओळखले जाते. नामांतर ही सर्वत्र एकाच गतीने होणारी प्रक्रिया नाही, हे यावरून कळते.

५.३.४ न्यूयॉर्क : उलटी अक्षरे

शायान आणि अरापाहो या मूलनिवासी समाजांतील कलावंत एडगर हीप ऑफ बर्ड्स यांनी १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी हॉल उद्यानात धातूच्या बारा पाट्या उभ्या केल्या. या मालिकेचे नाव 'नेटिव्ह होस्ट्स', म्हणजे मूलनिवासी यजमान. पाट्या दिसायला नगरपालिकेच्या नेहमीच्या पाट्यांसारख्याच होत्या. त्यांवर 'न्यूयॉर्क' हे नाव आरशात दिसावे तसे उलटे लिहिलेले होते. त्याखाली सुलट अक्षरांत, आज तुमचे यजमान अमुक समाज आहे, अशा आशयाचे वाक्य आणि त्या प्रदेशातील एका मूलनिवासी समाजाचे नाव होते.

'न्यूयॉर्क' हे स्मारकनाम आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांकडून हे ठाणे घेतले आणि राजाच्या भावाच्या, म्हणजे ड्यूक ऑफ यॉर्कच्या, नावावरून त्याचे नामकरण केले. हाच ड्यूक पुढे दुसरा जेम्स या नावाने इंग्लंडचा राजा झाला. आफ्रिकेतून माणसे गुलाम म्हणून नेणाऱ्या 'रॉयल आफ्रिकन कंपनी'चा तो प्रमुख होता. म्हणजे या एका नावाखाली मूलनिवासींची हिरावलेली भूमी आणि आफ्रिकी लोकांची विक्री असे दोन इतिहास झाकले गेले आहेत.

आता या पाट्यांची भाषिक रचना पाहा. परिचित नाव उलटे केल्यामुळे वाचन अडखळते आणि वाचकाला अक्षरशः मागे वळून वाचावे लागते. 'आज' हा शब्द त्या समाजांना इतिहासजमा मानणाऱ्या दृष्टीला नकार देतो. 'तुमचे' या सर्वनामाने वाटसरू श्रोता होतो, आणि 'यजमान' म्हटल्याबरोबर त्याचे पाहुणेपण सिद्ध होते. पाहुण्याने यजमानाशी कसे वागावे, हे वेगळे सांगावे लागत नाही. एका साध्या विधानात काळ, सर्वनाम आणि नाम यांनी मिळून भूमीवरील हक्काचा प्रश्न उभा केला आहे.

५.३.५ टोरांटो : लोपलेली भाषा पाटीवर

कॅनडातील टोरांटो शहरात सुझन ब्लाइट आणि हेडन किंग या अनिशिनाबे समाजातील दोघांनी २०१३ मध्ये 'ओगिमा मिकना' हा उपक्रम सुरू केला. 'क्वीन स्ट्रीट' या राणीच्या स्मरणार्थ असलेल्या नावावर त्यांनी त्याच आकाराची, त्याच वळणाची चिकटपट्टी लावली. तिच्यावर अनिशिनाबे भाषेत 'ओगिमा मिकना', म्हणजे नेतृत्व करणाऱ्याची वाट, असे लिहिले होते. मूलनिवासींच्या तत्कालीन चळवळीत अग्रभागी असलेल्या स्त्रियांचा गौरव त्यात अभिप्रेत होता.

'स्पडायना' या प्रसिद्ध रस्त्याच्या बाबतीत त्यांनी नाव बदललेच नाही. ते दुरुस्त केले. हे नाव मुळात अनिशिनाबे भाषेतील 'इश्पादिना', म्हणजे उंचवट्याची जागा, या शब्दाचा इंग्रजी कानाने केलेला अपभ्रंश आहे. मूळ रूप पाटीवर येताच शहराला कळले की, जो शब्द आपण आपला समजत होतो तो दुसऱ्या भाषेचा आहे, आणि त्या भाषेचे भाषक आजही येथे आहेत. मुंबईचे 'बॉम्बे' किंवा ठाण्याचे 'थाना' झालेले पाहिलेल्या मराठी भाषकाला परकीय कानाचा हा परिणाम परिचित आहे. पुढे शहराच्या एका भागात अशा द्वैभाषिक पाट्या अधिकृतपणेही लावल्या गेल्या.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) जोड्या लावा : (१) बर्लिन (२) न्यूयॉर्क (३) टोरांटो – (क) भाषेची निवड (ख) स्वरचिन्ह (ग) वाचनाची दिशा
(आ) 'यजमान' या शब्दामुळे वाटसरूची भूमिका कशी बदलते? दोन वाक्यांत लिहा.

५.३.६ आक्षेप आणि मर्यादा

नामांतराला घेतले जाणारे प्रमुख आक्षेप तीन आहेत. तिन्ही गांभीर्याने तपासले पाहिजेत.

(१) मूळ अर्थ वाईट नव्हता. 'मोर' या शब्दाविषयी बर्लिनमध्ये हा युक्तिवाद केला गेला. यात व्युत्पत्ती आणि प्रयोग यांची गल्लत आहे. मराठीत 'शिष्ट' म्हणजे मुळात सुसंस्कृत. आज कोणाला 'फार शिष्ट आहे' म्हटले तर तो प्रशंसा समजत नाही. अर्थापकर्ष झाल्यावर मूळ अर्थाचा दाखला देऊन ऐकणाऱ्याची भावना खोटी ठरवता येत नाही.

(२) नाव पुसले की इतिहास पुसला जातो. या आक्षेपात तथ्य आहे. नाव गुपचूप बदलले तर ते कोणाचे होते आणि का काढले, हेही विसरले जाईल. म्हणून नव्या नावाबरोबर जुन्या नावाची माहिती त्याच ठिकाणी देणे आवश्यक ठरते. पाटीवरचे नाव न खोडता त्याचा अर्थ उघड करणारी कला या आक्षेपाला सर्वांत चांगले उत्तर देते.

(३) खर्च आणि गैरसोय. टोरांटोच्या नगरपरिषदेने २०२१ मध्ये 'डंडास स्ट्रीट'चे नाव बदलण्याचे ठरवले होते. गुलामांच्या व्यापाराची बंदी लांबवण्यात हेन्री डंडास यांचा किती वाटा होता, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. डिसेंबर २०२३ मध्ये खर्चाचा विचार होऊन रस्त्याचे नाव कायम ठेवण्यात आले. त्यावरील प्रमुख चौकाला मात्र 'सांकोफा' हे नाव देण्याचे ठरले. हा घानातील आकान भाषेतला शब्द असून मागे जाऊन राहिलेले घेऊन यावे, असा त्याचा आशय आहे.

घाईने केलेले नामांतर नवी चूकही करू शकते. मोरेनश्ट्रासे येथील भुयारी रेल्वे स्थानकाला ग्लिंका या रशियन संगीतकाराचे नाव देण्याची घोषणा २०२० मध्ये झाली. त्यांच्यावर ज्यूद्वेषाचा आरोप पुढे येताच तो विचार मागे पडला. याच स्थानकाने १९०८ पासून 'कायझरहोफ', 'थेलमानप्लात्स', 'ओटो-ग्रोटेवोल-श्ट्रासे' अशी नावे धारण केली होती. 'मोरेनश्ट्रासे' हे नाव त्याला १९९१ मध्ये मिळाले. म्हणजे ज्याला 'परंपरेने चालत आलेले' म्हटले जाते, ते नाव स्थानकापुरते तरी पुष्कळ अलीकडचे होते.

कलेची मर्यादाही सांगितली पाहिजे. चिकटपट्टी काढता येते, ठिपके पुसता येतात. कला कायदा करू शकत नाही. पण सवयीने बहिऱ्या झालेल्या कानांना नाव पुन्हा ऐकू आले नाही, तर ते बदलण्याची गरजच कोणाला भासणार नाही. कलेचे काम त्या टप्प्यावर असते.

५.३.७ आपल्या परिसराच्या संदर्भात

महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. 'महारवाडा', 'मांगवाडा', 'ब्राह्मणवाडा' अशा नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे द्यावीत, असे त्यात सुचवले आहे. जात आणि वंश या संकल्पना एक नाहीत. त्यांची सरसकट तुलना करू नये. शिवाय ही नावे गौरवासाठी दिलेली स्मारकनामे नव्हती. ती माणसांना वेगळे ठेवण्याच्या व्यवस्थेची चिन्हे होती. साम्य आहे ते परिणामात. दोन्हीकडे पत्ता सांगणे म्हणजे समाजाने लादलेली ओळख सांगणे ठरते. आणि दोन्हीकडे एकच प्रश्न उरतो : कागदावर बदललेले नाव बोलण्यात उतरले आहे का?

५.४ सारांश

स्मारकनाम निर्देश आणि गौरव अशी दोन कार्ये करते. सवयीमुळे गौरव झाकला जातो, पण पुनरुक्तीमुळे टिकूनही राहतो. बर्लिनमध्ये स्वरचिन्हाच्या, न्यूयॉर्कमध्ये वाचनदिशेच्या व संबोधनाच्या, तर टोरांटोत भाषानिवडीच्या पातळीवर कलेने हा झाकलेला अर्थ उघड केला. चिन्हक तसेच ठेवून चिन्हित बदलण्याचा प्रशासकीय प्रयत्न अपुरा ठरतो. नामांतर करताना नव्या नावाचा अभ्यास आणि जुन्या नावाची नोंद दोन्ही आवश्यक आहेत.

५.५ पारिभाषिक संज्ञा

स्मारकनाम : व्यक्ती, समूह किंवा घटना यांच्या स्मरणार्थ दिलेले स्थलनाम.
चिन्हक : भाषिक चिन्हाचे ध्वनिरूप किंवा लेखनरूप.
चिन्हित : त्या रूपाने सूचित होणारा आशय.
अर्थापकर्ष : शब्दाला पूर्वीपेक्षा हीन अर्थ प्राप्त होणे.

५.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) गाजरे. (आ) अयोग्य, जुने नाव ठिपक्यांखाली वाचता येत राहिले.
प्रश्न २ : (अ) १–ख, २–ग, ३–क. (आ) वाटसरू स्वतःला त्या जागेचा मालक समजत असतो. 'यजमान' या शब्दामुळे तो पाहुणा ठरतो. त्यामुळे भूमीवर मूळ हक्क कोणाचा, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

५.७ स्वाध्याय

(१) 'पुतळ्यापेक्षा स्थलनामाचा प्रभाव अधिक सूक्ष्म असतो.' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
(२) आंटोन विल्हेल्म आमो यांनी स्वतःसाठी योजलेले विशेषण आणि इतरांनी त्यांच्यासाठी वापरलेला शब्द यांतील फरकाचे महत्त्व स्पष्ट करा.
(३) पेटर्स-आले या उदाहरणाच्या आधारे चिन्हक–चिन्हित संबंध विशद करा.

५.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा प्रभागातील पाच रस्ते, चौक अथवा वस्त्या निवडा. प्रत्येकाचे पाटीवरील नाव, लोकांच्या बोलण्यातील नाव आणि माहीत असल्यास पूर्वीचे नाव यांची तीन रकान्यांत नोंद करा. तेथे राहणाऱ्या ज्येष्ठ व तरुण अशा दोन पिढ्यांतील व्यक्तींना, त्या नावाने आपला पत्ता सांगताना काय वाटते, हे विचारा. त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहा; स्वतःचा निष्कर्ष शेवटी स्वतंत्रपणे द्या. जातीविषयीचा प्रश्न थेट विचारू नका, आणि कोणी उत्तर देण्याचे टाळले तर आग्रह धरू नका. टाळलेले उत्तरही आपल्या नोंदीत घ्या. नावाच्या अभ्यासात मौनालाही अर्थ असतो.